धुकासुराच्या दाताला साडेनऊ वर्षं

राजकन्या मेघमाला धुकासुराच्या दाताला एकंदर साडेनऊ वर्षं लोंबकळत होती. यात तिचा काडीचाही दोष नव्हता. दोष थोडा हिंदुस्थानच्या इतिहासाचा होता, थोडा दाल बाज़ारातल्या तुकोजी छापखानेवाल्याचा होता, आणि उरलेला, म्हणजे रुपयातले चौदा आणे, खुद्द तिचे निर्माते लक्ष्मीकांतराव पारसनीस यांचा होता. ही शेवटची गोष्ट लक्ष्मीकांतराव सोडून ग्वाल्हेरच्या सगळ्या दौलतगंज मोहल्ल्याला ठाऊक होती.

लक्ष्मीकांतराव सरकारी कचेरीत आवक-जावक कारकून होते. बाहेरून आलेला प्रत्येक कागद आधी त्यांच्या हातात यायचा. ते त्यावर नंबर घालायचे, तारीख घालायचे, आणि कागदात काही उणं असेल तर तांबड्या शाईनं समासात हरकत लिहून आल्या वाटेनं परत धाडायचे. घराण्याची रीतच होती ती. त्यांचे कोणी एक खापरपणजोबा दरबारात फारसी पत्रव्यवहार पाहत. एका नवाबाच्या खलित्यावर तारीख नाही म्हणून त्यांनी तो परत पाठवला आणि त्यावरून लढाई होता होता राहिली, असं घरात सांगत. ती झाली असती तर घराण्याचं नाव आणखी मोठं झालं असतं, असं लक्ष्मीकांतरावांना मनातून वाटे.

अशा माणसाला परीकथा सुचेल असं कुणाला वाटलं नसतं. पण संध्याकाळी कचेरीतून आले, चहा झाला, की ते पाट उलटा घालून त्यावर कागद पसरत आणि चित्रं काढत. ढगांवर वसलेलं मेघनगर, तिथला गोरगरिबांना पाऊस वाटणारा राजा, त्याची मुलगी मेघमाला, तिचं उडतं कासव आणि या सगळ्यांच्या मुळावर उठलेला धुकासुर. गोष्ट सगळी चित्रांतूनच चालायची आणि ज्याचं बोलणं त्याच्या तोंडापुढे फुग्यात लिहिलेलं असायचं. ग्वाल्हेरात तेव्हा असलं काही कुणी पाहिलेलं नव्हतं. त्यांच्या पत्नी सुनंदाबाईंनी पहिलं पान पाहून विचारलं होतं की सगळ्यांच्या तोंडातून धूर का निघतोय, राजासुद्धा विडी ओढतो का.

एकूण तीन भाग योजलेले होते. सरकारी नोकराला पुस्तक छापायचं तर सरकारची परवानगी लागते. पहिल्या भागाच्या वेळी दरबारचं राज्य होतं. संबंधित अधिकाऱ्यांनी पान चघळता चघळता पुस्तकाची पानं उलटली, कासव पाहून हसले आणि छापा म्हणाले. तोंडातलं पान संपायच्या आत परवानगी झाली. अठ्ठेचाळीसच्या पाडव्याला पहिला भाग निघाला. त्याच्या शेवटच्या पानावर एकच मोठं चित्र होतं: धुकासुराचा आ वासलेला जबडा, त्यात खुंट्यांसारखे दात, एका सुळ्याला एका हातानं लोंबकळणारी मेघमाला, आणि खाली लिहिलेलं, 'पुढे काय झाले? दुसऱ्या भागात पाहा.'

हा जबडा लक्ष्मीकांतरावांनी जित्या माणसावरून काढला होता. त्यांच्या कचेरीचे मुख्य, भालचंद्रराव, रोज दुपारी तीन वाजता जांभई देत. ती जांभई एवढी ऐसपैस असे की पाहणाऱ्याला दातांची नीट मोजदाद करता यावी. ही गोष्ट लक्ष्मीकांतरावांनी बायकोलासुद्धा सांगितली नव्हती.

पाडव्यानंतर बरोब्बर सात आठवड्यांनी ग्वाल्हेर संस्थान मध्यभारतात विलीन झालं. ती बातमी दौलतगंजात पोचली त्या दिवशी सगळी मोठी माणसं ओट्यांवर बसून पुढे काय होणार याची चर्चा करत होती. पुढे काय होणार ही चर्चा समोरच्या घरातली विमलही करत होती, पण तिची काळजी वेगळी होती. विमल सात वर्षांची. तिचे आजोबा मानसिंगराव संस्थानच्या फौजेतून सुभेदार म्हणून निवृत्त झालेले. पोरगी पहिला भाग वाचून झाल्या दिवसापासून रोज सकाळी लक्ष्मीकांतरावांची कचेरीला जायची वाट अडवायची.

“काका, पडली तर नाही ना ती?”

“नाही गं. घट्ट धरलंय तिनं.”

“पण कब तक धरेगी?”

लवकरच, लवकरच, असं म्हणून लक्ष्मीकांतराव निसटत. एक दिवस मात्र विमल फार गंभीर चेहऱ्यानं आली. तिनं घरातल्या दाराच्या चौकटीला लोंबकळून पाहिलं होतं. मोठ्या माणसानं सांगावं तसं तिनं सांगितलं, “काका, मी चाळीसपर्यंत धरू शकते. बस. फिर हाथ छूट जाता है.”

त्या दिवशी लक्ष्मीकांतरावांचं कचेरीत लक्ष लागेना. दुसरा भाग ही आता हौस राहिली नव्हती. गल्लीतली ही पोरं मोठी व्हायच्या आत त्या मुलीला दातावरून उतरवायलाच हवं होतं. पोरं एकदा मोठी झाली की त्यांना राजकन्या पडली काय आणि राहिली काय. मग पुस्तक छापून उपयोग काय? त्यांनी झपाटल्यासारखी चित्रं काढली. दीड वर्षात दुसरा भाग पुरा झाला आणि पन्नास सालच्या जानेवारीत त्यांनी परवानगीचा अर्ज केला.

अर्ज रीतीप्रमाणे आवक-जावक टेबलावर आला. त्या टेबलावर लक्ष्मीकांतराव बसलेले. दुसरा कोणीही कारकून असता तर त्यानं डोळे मिटून नंबर घातला असता आणि कागद पुढे ढकलला असता. लक्ष्मीकांतरावांनी चष्मा पुसला, अर्ज दोनदा वाचला आणि त्यांच्या लक्षात आलं की अर्जदारानं पहिल्या भागाच्या परवानगीची नक्कल जोडलेली नाही. नक्कल कुठून जोडणार, परवानगी तोंडीच मिळाली होती. हे अर्जदाराला ठाऊक होतं, पण कारकुनाला ठाऊक असायचं कारण नव्हतं. त्यांनी तांबडी शाई घेतली, समासात लिहिलं, 'पहिल्या भागाच्या परवानगीची नक्कल नाही, सबब परत,' आणि अर्ज पोस्टानं अर्जदाराच्या घरच्या पत्त्यावर धाडला.

तिसऱ्या दिवशी तो घरी पोचला. लक्ष्मीकांतरावांनी पाकीट फोडलं आणि त्यांच्या अंगाचा तिळपापड झाला. असल्या खडूस कारकुनांमुळेच देश मागे आहे, असं ते बरंच काही बोलले. सुनंदाबाईंनी कागद हातात घेऊन पाहिला.

“अहो, हे अक्षर तर तुमचंच आहे.”

“माहीत आहे मला. पण घरी मी अर्जदार आहे.”

सुनंदाबाई स्वयंपाकघरात गेल्या आणि बराच वेळ तिथून भांड्यांचा आवाज येत राहिला.

भालचंद्ररावांनीही डोक्याला हात लावला. गुपचूप नंबर घालून पुढे ढकलायचं होतंत, मी सही केली असती, असं ते म्हणाले. नकलेशिवाय, असं लक्ष्मीकांतरावांनी विचारलं. नकलेशिवाय, असं भालचंद्रराव म्हणाले. तो आठवडा लक्ष्मीकांतरावांना फार जड गेला. पुस्तक अडलं याचं दुःख होतंच, पण वरिष्ठांची नीतिमत्ता इतकी घसरलेली असेल याची त्यांना कल्पना नव्हती.

आता कागदावर एकदा चढलेली हरकत म्हणजे घोंगडीवरची गोचीड. खोडता येत नाही, फाडता येत नाही, तिला उत्तरच द्यावं लागतं. उत्तर द्यायचं दरबारनं, आणि दरबार तर विलीन झालेला. मग प्रकरणाची रीतसर फाइल झाली आणि फाइल प्रवासाला निघाली.

प्रवास हा शब्द इथे खराखुरा घ्यायचा. मध्यभारताला दोन राजधान्या होत्या. उन्हाळा-पावसाळ्याचे साडेचार महिने सरकार इंदूरला, बाकीचे ग्वाल्हेरला. दर वर्षी उन्हाळा आला की कचेरीतली सगळी दप्तरं लाकडी पेट्यांत भरायची, गाडीत घालायची, इंदूरला उतरवायची आणि पाऊस सरत आला की पुन्हा भरायची. पेट्यांच्या यादीचं काम लक्ष्मीकांतरावांकडे असे. म्हणजे त्यांची फाइल त्यांनीच पेटीत ठेवायची, त्यांनीच खिळे ठोकवायचे, त्याच गाडीत तिच्यासोबत बसून जायचं, आणि तरी तिच्यातलं एक अक्षर हलवायचं नाही. एकदा उज्जैनजवळ गाडी तीन तास उभी राहिली तेव्हा ते पेटीवर बसून डबा खात होते, आणि आपण सासुरवाशीण लेकीला पोचवायला निघालो आहोत असं त्यांना उगाच वाटलं.

इंदुरात फाइल बालपुस्तकांसाठी नेमलेल्या एका समितीकडे गेली. समितीतल्या एका इंदूरकर सदस्यांनी शेरा मारला की मेघनगर एका किल्ल्याच्या वर तरंगताना दिसते. हा किल्ला कोणत्या शहराचा आहे हे शेंबडे पोरही ओळखेल. राज्याला दुसरीही राजधानी आहे, याचा लेखकास विसर पडलेला दिसतो. लक्ष्मीकांतरावांनी मान खाली घालून चित्रं बदलली. आता मेघनगर उन्हाळ्यात आपलं सगळं बाडबिस्तर घेऊन दक्षिणेला सरके आणि पाऊस संपला की परत येई. ढगांच्या स्वभावाशी हे जुळतं असं त्यांनी मनाची समजूत घातली. फक्त कासवाला उगाचच दोन खेपा पडू लागल्या.

पुढल्या वर्षी ग्वाल्हेरच्या सदस्यांनी दुसरा शेरा मारला. मेघनगरात अद्याप राजा आहे. विलीनीकरणानंतरच्या काळात मुलांसमोर राजा ठेवणे युक्त होईल काय? लक्ष्मीकांतरावांनी राजाचा मुकुट खोडला, त्याला शेरवानी घातली आणि फुग्यातून सगळीकडे 'महाराज' काढून मध्यभारताच्या प्रमुखासारखं 'राजप्रमुख' लिहिलं. 'राजप्रमुखांची कन्या मेघमाला दाताला लोंबकळत होती' हे वाक्य वाचून त्यांना स्वतःलाच कसंसं झालं. पण कागद पुढे जायचा तर हे आलंच.

गल्लीतल्या सल्ल्यांची तर गणतीच नव्हती. मानसिंगराव दर रविवारी सकाळी दाढी करून यायचे, चित्रं मागवून घ्यायचे आणि लढाईची पाहणी करायचे.

“पारसनीस, शत्रूच्या तोंडात आपला माणूस ठेवून तुम्ही चार वर्षं गप्प बसता? आमच्या पलटणीत तुमचं कोर्टमार्शल झालं असतं.”

लक्ष्मीकांतरावांनी परवानगीची अडचण सांगितली. मानसिंगरावांना ती पटली नाही. त्यांच्या मते राक्षसाच्या डाव्या कानावर तोफ डागायला हवी होती, म्हणजे त्यानं तोंड उजवीकडे फिरवलं असतं. कासव तोफ कशी ओढणार असं विचारल्यावर, आमच्या वेळी याहून मरतुकड्या बैलांनी ओढल्यात, असं ते म्हणाले. शेवटी त्यांच्या समाधानासाठी एका पानावर छोटीशी तोफ काढावी लागली. शेजारच्या कुसुमताईंचं म्हणणं वेगळंच होतं. मुलगी इतकी वर्षं लोंबकळतेय म्हणजे आता लग्नाची झाली असणार, तिच्यासाठी काही पाहिलंय का, असं त्या विचारत होत्या.

आणि मग ते दंतमंजनाचं प्रकरण झालं.

पहिल्या भागातल्या शेवटच्या चित्राचा जस्ताचा ठसा, म्हणजे ब्लॉक, तुकोजीनं जपून ठेवला होता, कारण दुसऱ्या भागाची सुरुवात त्याच चित्रानं व्हायची होती. तुकोजीचा छापखाना दाल बाज़ारात एका धान्याच्या दुकानाच्या माडीवर होता. तिथे रिकामी पडून राहिलेली वस्तू पाहिली की तुकोजीचा जीव कासावीस होई. पाच वर्षं तो ब्लॉक नुसता धूळ खात पडलेला. एके दिवशी गावाच्या दुसऱ्या टोकाच्या हजीरा वस्तीतला एक दंतमंजनवाला पुड्यांवर छापायला काहीतरी दातांचं चित्र शोधत आला. तुकोजीनं विचार केला, दोन दिवस दिला तर काय झिजतोय. दोन दिवसांचे दोन महिने झाले. बघता बघता हजीऱ्यापासून दौलतगंजापर्यंत प्रत्येक मोरीच्या कोनाड्यात धुकासुर आ वासून उभा राहिला. त्याच्या सुळ्याला मेघमाला लोंबकळतेय आणि खाली मोठ्या अक्षरांत लिहिलंय, 'लटक जाओ, टूटेगा नहीं.'

लक्ष्मीकांतरावांनी ती पुडी पहिल्यांदा आपल्याच घरात पाहिली. सुनंदाबाईंनी आणली होती. मंजन चांगलं आहे, असं त्या म्हणाल्या. लक्ष्मीकांतराव तसेच दाल बाज़ारात गेले आणि तुकोजीला त्यांनी नाही नाही ते सुनावलं. तुकोजीनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला की साहेब, पुस्तक छापलं असतं तर पाचशे घरांत गेलं असतं, आता बाई दहा हजार घरांत पोचली.

दुसऱ्या दिवशी कचेरीत भालचंद्ररावांनी त्यांना खोलीत बोलावलं. टेबलावर पुडी होती.

“पारसनीस, हा जबडा मला ओळखीचा वाटतो.”

“राक्षसाचा आहे, साहेब.”

“हा डावीकडचा अर्धा तुटलेला दात?”

इथे कोणीही थाप मारली असती. पण लक्ष्मीकांतरावांच्या घराण्यात कागदावरच्या गोष्टीबद्दल खोटं बोलायची पद्धत नव्हती. त्यांनी जमिनीकडे पाहत सांगितलं, “दुपारी तीनचा आहे, साहेब.”

भालचंद्रराव रागावले नाहीत. त्यांनी फक्त शांतपणे मेघनगरची फाइल मागवली, आपल्या खणात ठेवली आणि कुलूप लावलं. ती तिथे चौदा महिने राहिली. या चौदा महिन्यांत दुपारी तीन वाजले की भालचंद्रराव तोंडापुढे रुमाल धरत. ते पाहून लक्ष्मीकांतरावांना फार अपराध्यासारखं होई.

याच काळात एक सकाळ अशी आली की लक्ष्मीकांतराव कचेरीला निघाले आणि विमल समोरून आली. आता ती चौदाची होती. दोन वेण्या, हातात बीजगणिताचं पुस्तक. लक्ष्मीकांतरावांनी सवयीनं उत्तर तयार ठेवलं होतं, घट्ट धरलंय तिनं. विमल हसून म्हणाली, “नमस्ते काका,” आणि निघून गेली. तिनं विचारलंच नाही. लक्ष्मीकांतराव रस्त्यात उभे राहिले. आठवून पाहिलं तर काल विचारलं नव्हतं, परवाही नव्हतं. शेवटचं कधी विचारलं तेच त्यांना आठवेना. त्या दिवशी टेबलावर तीन कागद नकलेविना आले आणि त्यांनी तिन्हींवर हरकत घेतली नाही, कारण त्यांनी ते वाचलेच नव्हते.

पंचावन्न साली भालचंद्रराव निवृत्त झाले. निरोपसमारंभात हार गळ्यात असतानाच ते लक्ष्मीकांतरावांना बाजूला घेऊन गेले आणि त्यांनी हळू आवाजात विचारलं की राक्षसाचं पुढे काय होतं.

“त्याला शिंक येते, साहेब. कासव त्याच्या नाकात शिरतं.”

“मरत नाही ना?”

“नाही साहेब. तिसऱ्या भागात तो सुधारतो.”

भालचंद्ररावांनी खण उघडला, फाइलवर पुढे पाठवण्याची सही केली आणि ती त्यांची नोकरीतली शेवटची सही ठरली. लक्ष्मीकांतरावांचे डोळे भरून आले. त्यांनी लगेच फाइल इंदूरला पाठवायच्या पेटीत घातली. आता महिन्याभरात काम होणार असं सगळेच म्हणू लागले.

ते झालंही असतं, पण महिन्याचं वर्ष झालं आणि तेवढ्यात राज्यांची पुनर्रचना आली. छप्पन्नच्या एक नोव्हेंबरला मध्यभारतच नाहीसा झाला, नवा मध्य प्रदेश झाला आणि राजधानी गेली भोपाळला. दोन राजधान्यांची सवय झालेल्या फाइलीला तिसरी मिळाली. राजप्रमुखाचं पदही त्याच दिवशी रद्द झालं, म्हणजे मेघमालेचा बाप आता कोणीच नव्हता. ग्वाल्हेरातल्या निम्म्या कचेऱ्या बिऱ्हाडं बांधून भोपाळला निघाल्या. लक्ष्मीकांतराव ग्वाल्हेरातच राहिले आणि फाइल गेली.

चार महिने वाट पाहून त्यांनी भोपाळला पत्र लिहिलं. उत्तर आलं की अशी फाइल शिक्षण खात्यात नाही. दुसरं पत्र लिहिलं. त्याचं उत्तर आलं की आपलं पहिलं पत्र कुठलं ते कळवावं. तेव्हा सुनंदाबाईंनीच त्यांची पिशवी भरली, दशम्या बांधून दिल्या आणि फाइल घेतल्याशिवाय परत येऊ नका असं सांगितलं. कधी नव्हे ते लक्ष्मीकांतराव आठ दिवसांच्या रजेवर गेले.

भोपाळात चार ठिकाणची दप्तरं येऊन पडली होती. मध्यभारताच्या पेट्या, विंध्य प्रदेशाची बोचकी, महाकोशलच्या गोण्या आणि खुद्द भोपाळचे गठ्ठे सगळे एका बराकीत एकमेकांच्या उरावर बसलेले. लक्ष्मीकांतरावांनी तीन दिवस धुळीत शोध घेतला. चौथ्या दिवशी फाइल शेती खात्यात सापडली. बाहेर 'मेघनगर, भाग दुसरा' असं लिहिलेलं पाहून कुणीतरी ती पर्जन्यमानात घातली होती, आणि आत एका शेतकी अधिकाऱ्याचा शेराही होता: 'यंदा पाऊस समाधानकारक आहे. कार्यवाही नको.'

शिक्षण खात्यातले साहेब जबलपूरकडचे होते. मराठी त्यांना येत नव्हती. त्यांनी फाइल उघडली, पहिलं चित्र पाहिलं आणि विचारलं, “ये लड़की लटकी क्यों है?”

“नौ साल से लटकी है, साहब,” लक्ष्मीकांतराव म्हणाले.

मग साहेबांनी पुढचं पान उलटलं, आणि पुढचं. चित्रांवरून थोडं कळत होतं, थोडं कळत नव्हतं. ये कछुआ कौन, असं त्यांनी विचारलं. लक्ष्मीकांतराव सांगू लागले. त्यांची हिंदी कचेरीतली, त्यामुळे कासव 'उपरोक्त' आकाशात उडालं आणि राक्षस 'तत्काल प्रभाव से' जागा झाला. पण गोष्ट सांगता सांगता त्यांना चढत गेलं. ते उठून उभे राहिले, राक्षसासारखे शिंकले, कासवासारखे नाकात शिरले. शेजारच्या टेबलांवरचे कारकून गोळा झाले. रीवाचे, रायपूरचे, इंदूरचे, जन्मात एकमेकांना न पाहिलेले कारकून एका राक्षसाच्या शिंकेवर पोट धरधरून हसले. पुनर्रचना झाल्यापासून त्या बराकीत चार ठिकाणची माणसं एकत्र हसण्याची ती पहिलीच वेळ, असं नंतर तिथल्या शिपायानं सांगितलं.

साहेबांनी डोळे पुसले आणि हुकूम लिहिला. पहिल्या भागास मंजुरी देणारे शासन आता अस्तित्वात नाही, त्यामुळे पहिला भाग प्रसिद्ध झाला असे शासनास मानता येत नाही. जो भाग प्रसिद्धच नाही त्याच्या परवानगीची नक्कल मागण्याचे कारण उरत नाही. सबब प्रस्तुत दुसरा भाग हाच पहिला समजून छापावा. राजा ठेवायचा की नाही हे लेखकाने पाहावे.

लक्ष्मीकांतरावांनी हुकूम घेतला, वाचला, आणि त्यांचा चेहरा उतरला. साहेबांनी सही केली होती, पण तारीख घातली नव्हती.

सवयीनं त्यांचा हात खिशातल्या तांबड्या शाईच्या टाकाकडे गेला. खापरपणजोबा, नवाब, घराण्याची रीत, सगळं डोळ्यांपुढून गेलं. एवढं फक्त साहेबांना सांगायचं, साहेब, तारीख राहिली. साहेब म्हणणार, ठेवा, उद्या पाहू. मग फाइल खणात, मग कोणीतरी बदलून जाणार. त्यांना दाराच्या चौकटीला लोंबकळून चाळीसपर्यंत मोजणारी पोर आठवली. त्यांनी खिशातून हात काढला, हुकमाची घडी केली, सदऱ्याच्या आत छातीशी ठेवली आणि बराकीतून चक्क पळत सुटले. आपण आयुष्यात पहिल्यांदा एक अपुरा कागद जाऊ दिला या विचारानं त्यांना गाडीत हसू येत होतं. समोरच्या बाईंनी आपलं मूल जवळ ओढून घेतलं.

सत्तावनच्या दसऱ्याला पुस्तक निघालं. हुकमाप्रमाणे वर 'भाग पहिला' असं छापलेलं होतं. राजाला मुकुट परत मिळाला होता. मंजनाच्या पुड्या छापून छापून ब्लॉकवरचं मेघमालेचं तोंड पार झिजलं होतं, ते लक्ष्मीकांतरावांनी नव्यानं काढलं. पानापानांतून डाळीचा भुसा निघत होता, कारण दसऱ्याच्या गर्दीत खालच्या दुकानातली डाळीची पोती तुकोजीच्या माडीवरही रचलेली होती.

पहिली प्रत घेऊन ते समोरच्या घरी गेले. विमल आता सोळाची, मॅट्रिकच्या वर्षाला होती. तिनं उंबरठ्यातच उभं राहून पुस्तक उघडलं. लक्ष्मीकांतराव तिच्या चेहऱ्याकडे पाहायला धजेनात. तिनं दोन पानं उलटली, तिसऱ्यावर थांबली.

“सुटली,” ती हळूच म्हणाली. मग म्हणाली, “काका, मी सात वर्षांची होते.”

लक्ष्मीकांतरावांना खूप काही सांगायचं होतं, नक्कल, इंदूर, जबडा, भोपाळ. त्यांच्या तोंडून एवढंच निघालं, “उशीर झाला गं.” विमलनं मान हलवली आणि पुस्तक घेऊन आत गेली. ते घरी आले आणि त्यांनी सुनंदाबाईंना सांगितलं की तिसरा भाग आता काढायचा नाही, ज्यांच्यासाठी काढायचा ती पोरं संपली.

पण गल्लीत पोरं संपत नसतात. आठवड्याभरात दौलतगंजातली नवी चिल्लीपिल्ली पुस्तकावर तुटून पडली, कारण राजकन्येला ती दात घासायला लागल्यापासून ओळखत होती. अरे, ही तर मंजनवाली दीदी, असा एकच गिल्ला झाला. आता त्यांना कळेना की दीदी दातावर चढली कशी, कासव तिला भेटलं कुठे आणि राक्षसाचं एवढं काय बिघडलं होतं. पुस्तकावर तर 'भाग पहिला' लिहिलेलं. खऱ्या पहिल्या भागाची एकही प्रत ग्वाल्हेरात शिल्लक नव्हती, वाचणाऱ्यांनी वाचून वाचून तिच्या चिंध्या केल्या होत्या.

एका संध्याकाळी लक्ष्मीकांतराव भाजीची पिशवी घेऊन येत होते. मानसिंगरावांच्या घराच्या पायऱ्या पोरांनी भरल्या होत्या. सगळ्यात वरच्या पायरीवर विमल बसली होती, मांडीवर मॅट्रिकचा भूगोल पालथा पडलेला, आणि ती पहिला भाग सांगत होती. तिला एकेक चित्र तोंडपाठ होतं. राजा पाऊस वाटतो ते, कासव अंड्यातून निघतं ते. लक्ष्मीकांतराव थांबले. पुढे ती सांगू लागली की कासवाला लहानपणी उंचीची भीती वाटायची आणि मेघमालेनं त्याला डोळे मिटून उडायला शिकवलं. हे त्यांनी कुठेही काढलेलं नव्हतं. मग ढगांच्या खाली एक चोरदार निघालं. त्याला कुलूप होतं आणि किल्ली धुकासुराच्या आईकडे होती. धुकासुराला आई आहे हे लक्ष्मीकांतरावांना पहिल्यांदाच कळत होतं.

“काका, सामने से हटो ना,” एक पोरगा म्हणाला.

लक्ष्मीकांतरावांनी पिशवी खाली ठेवली आणि ते सगळ्यात खालच्या पायरीवर बसले. विमलनं त्यांच्याकडे पाहिलं आणि न थांबता पुढे सांगू लागली. म्हातारीनं किल्ली काढली, दार कुरकुरलं, आत अंधार होता, आणि अंधारात कुणीतरी मेघमालेचं नाव घेऊन हाक मारली.

विमल थांबली. भूगोल उचलला, पदर सारखा केला आणि उठली.

“मग?” लक्ष्मीकांतरावांनी विचारलं. “हाक कुणी मारली?”

“बाकी उद्या, काका,” विमल म्हणाली, आणि आत निघून गेली.

दुसऱ्या दिवशी लक्ष्मीकांतराव नोकरीच्या बावीस वर्षांत पहिल्यांदा कचेरीतून पाव तास लवकर निघाले. वाटेत कुसुमताईंनी हाक मारली तीही त्यांनी ऐकली न ऐकल्यासारखी केली. तरी पोचतात तो वरच्या पायरीच्या सगळ्यात जवळची जागा दोन पोरांनी आधीच धरलेली होती.